बाविसाव्या मिनिटाला

ऑपरेटरमामांनी माहितीपटाची नवी कॉपी पुढे सरकवत बाविसाव्या मिनिटाला आणली आणि कपाळावर हात मारून घेतला. केबिनमधल्या छोट्या मॉनिटरवर मावशीचं तोंड लख्ख दिसत होतं.

सकाळच्या चाचणीत हेच तोंड व्यवस्थित धूसर केलेलं होतं. मावशी बॅटरीच्या कारखान्यात कामाला. तिथल्या शिशाने माणसं कशी आजारी पडतात आणि रक्ताचे रिपोर्ट कसे दडपले जातात, ते माहितीपटात ती धडाधड सांगत होती. कामाला अजून तिथेच होती, म्हणून तोंड झाकलेलं आणि आवाजही दुसऱ्या बाईचा लावलेला. तो आवाज बारीक येतो म्हणून दिग्दर्शकाने दुपारी घाईघाईत नवी कॉपी काढली, आणि काढली ती तोंड झाकण्याच्या आधीच्या कामावरून. वर पुन्हा गोंधळ नको म्हणून जुनी कॉपी त्याने समोर उभं राहून मामांना पुसायला लावली होती. आवाज सुधारला आणि बाई उघडी पडली.

खेळाला दहा मिनिटं होती. मानवी हक्कांवरच्या माहितीपटांचा महोत्सव, शेवटचा दिवस, सभागृह गच्च भरलेलं. दुसऱ्या रांगेत त्या कारखान्याचे मॅनेजर बसले होते. नंतरच्या चर्चेत दुसरी बाजूही यायला हवी, म्हणून त्यांना आग्रहाने बोलावलं होतं.

मामा जिना उतरून मंचाजवळ गेले. दिग्दर्शक माईकवर सामान्य माणसाच्या धाडसाबद्दल बोलत होता. मामांनी चिठ्ठी पाठवली, 'बाईचं तोंड दिसतंय, लगेच या.' त्याने ती न उघडताच खिशात टाकली. वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, पण आणखी दोनच मिनिटं घेतो, असं त्याने लोकांना सांगितलं. लोक हसले. मामांनी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बोलणं संपलं तसा तो पलीकडच्या दाराने मुलाखत द्यायला निघून गेला. फोन बंद.

मग मामांनी आयोजक ताईंना गाठलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना ते पटलंही. पण महोत्सवाचा नियम होता. दिग्दर्शकाच्या लेखी पत्राशिवाय कुठल्याही चित्रपटाला हात लावायचा नाही, चालू खेळ थांबवायचा नाही. हा नियम व्हावा म्हणून ताई स्वतः तीन वर्षं समितीशी भांडल्या होत्या. मामा म्हणाले, मग सुरूच नको करू या. तर प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचं होतं.

"उद्या छापून येईल मामा, की आम्हीच कात्री चालवली," ताई म्हणाल्या. "आणि तोवर तो येईलच की."

'येईलच की' या दोन शब्दांवर मामांनी तीस वर्षांच्या नोकरीत बरंच काही बुडताना पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, "आणि उद्या त्या बाईला घरी बसवलं, तर ते कोणाच्या पत्राने?"

ताईंनी घड्याळ पाहिलं. चेहरा त्यांचाही उतरला होता. तरी म्हणाल्या, "सुरू करा."

मामांनी खेळ सुरू केला आणि केबिनला आतून कडी लावली. पाचव्या मिनिटाला फोन लावला, दहाव्याला लावला, पंधराव्याला लावला. प्रत्येक वेळी तीच यांत्रिक बाई तेच सांगत होती. शहाणी माणसं एका ठिकाणी जमली की साधं काम कसं होत नाही, याचा त्यांना मनस्वी संताप आला. विसाव्या मिनिटाला त्यांनी फोन ठेवून दिला आणि प्रोजेक्टरच्या बाजूला, लेन्स आणि झरोक्याची काच यांच्या मधल्या वीतभर जागेला खेटून उभे राहिले.

पडद्यावर आधी दारातल्या चपला दिसल्या. मग घरातून आवाज आला, "दादा, माझं तोंड नाही ना दिसणार?"

"अजिबात नाही, मावशी. शब्द देतो." दिग्दर्शकाचा आवाज आता चांगला खणखणीत ऐकू येत होता.

कॅमेरा आत वळला आणि मामांनी लेन्ससमोर हात धरला.

पडद्यावर काळा डाग पडला. मावशी हलली की डाग हलायचा, ती पुढे वाकली की तोही खाली यायचा. मामांनी सकाळी तिला एकदाच पाहिलं होतं, त्या आठवणीवर ते हात पुढेमागे करत होते. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. ऑपरेटरला उठवा रे कोणीतरी, असं कोणीसं ओरडलं. दुसऱ्या रांगेत मॅनेजरांनी मोबाईल उंच धरला होता.

केबिनच्या दारावर थापा पडायला लागल्या.

"मामा, हात काढा," बाहेरून ताई म्हणाल्या. "नियम आहे आपला. कोणाच्याही चित्रपटाला हात लावायचा नाही."

"चित्रपटाला नाही लावला, ताई," मामा जागचे न हलता म्हणाले. "उजेडात धरलाय."

थापा थांबल्या. ताई गेल्या की दाराशीच उभ्या राहिल्या, ते मामांना कळलं नाही.

मावशीचं बोलणं अजून तीन मिनिटं होतं. लेन्सची धग तळव्याला झोंबत होती. काचेतून खाली मॅनेजरांच्या मोबाईलचा इवला पडदा दिसत होता. त्यात मावशीचे मांडीवर ठेवलेले हात होते आणि वर, तोंडाच्या जागी, मामांचा तळवा. डावा हात अगदी सोसवेना, तेव्हा मामांनी आधी उजवा त्याच्यापुढे आणून धरला, आणि मगच डावा काढला.