अपडेट काढेपर्यंत

रमीवरून भांडण झालं, तेव्हापासून कालिंदीताई शेजारच्या प्रमिलाऐवजी कॉम्प्युटरशीच रमी खेळू लागल्या. एका रविवारी दुपारी अपडेट झालं आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. प्रमिला बँकेत कॉम्प्युटरच सांभाळायची. नाइलाजाने कालिंदीताईंनी तिची बेल वाजवली.

"बरी आठवण झाली माझी!" म्हणत प्रमिला आली. खटपट करून म्हणाली, "नवं अपडेट काढून टाकतेय. वेळ लागेल."

नुसतं बसवेना, म्हणून कालिंदीताईंनी पत्ते काढले. दुसऱ्याच डावात प्रमिलाने मांडीखाली जोकर लपवला. कालिंदीताईंनी तो ओढून काढला आणि दोघींची हसून हसून पुरेवाट झाली.

तेवढ्यात कॉम्प्युटर सुरू झाला.

"झालं तुझं काम. निघते," प्रमिला उठली.

कालिंदीताईंनी तिचा हात धरला.

"बंद कर तो. आणि पत्ते वाट."