परडीभर जास्वंद

दुर्गाबाईंच्या अंगणातली जास्वंद रोज भरभरून फुलायची, पण दोन वर्षांत त्यांच्या देवाला तिचं एक फूल मिळालं नव्हतं. शेजारच्या शकुनबाई दिवस उजाडायच्या आत येऊन झाड ओरबाडून न्यायच्या. दुर्गाबाई घरात तणतणायच्या, पोरासमोर सगळा राग काढायच्या, पण बाईच्या तोंडावर बोलायची काही हिंमत होत नव्हती.

शेवटी चतुर्थीला त्यांनी ठरवलं, भांडण्यापेक्षा आपणच मन मोठं करावं. शकुनबाईंच्या आधी उठून त्यांनी परडीभर फुलं तोडली आणि थेट त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"घ्या वो शकुनबाई, तुमच्या गणपतीले. आता रोज मीच आणून देत जाईन," असं म्हणताना स्वतःच्याच चांगुलपणानं त्यांचे डोळे भरले.

शकुनबाईंनी परडी घेतली. मग मायेनं दुर्गाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नका वो बाई. तुमच्या फाटकाच्या खिळ्यानं माह्या दोन साड्या फाटल्या, पण मी तुमाले केव्हाच माफ केलं!"