लंघन

पेशव्यांच्या वाड्यावरचा चौघडा थांबला आणि वैद्यबुवा कसब्यातल्या देवळाच्या पायरीवर उभे राहिले. पटकीची साथ पुन्हा आली होती, लोकांना उपाय सांगायचे होते. मागच्या साथीत त्यांनी इथेच संस्कृत श्लोक म्हणून ‘लंघन करावे’ एवढंच सांगितलं होतं. लोकांनी निर्जळी उपास समजून रोग्यांचं पाणीही बंद केलं. एका तांबटाची बायको पाणी पाणी करत गेली. तो आज समोरच बसला होता, मांडीवर तांब्या घेऊन. बुवांच्या ओठांवर श्लोक आला. त्यांनी तो गिळला आणि तांबटापुढे हात केला. तांबटाने तांब्या सोडायला वेळ लावला. बुवांनी तो उंच धरला. “लंघन म्हणजे जेवण बंद. पाणी बंद नाही. उकळून निववलेलं पाणी घोटघोट पाजत राहा.” तांबट तांब्या परत घेत म्हणाला, “मराठी येतं की तुम्हाला.”