दोनशे बारा खुर्च्या

नागरिकत्वाच्या तोंडी परीक्षेत मावशी खुर्चीच्या टोकावर बसून धडाधड उत्तरं देत होत्या. देशाचं क्षेत्रफळ, लोकसंख्या, सगळ्यांत लांब नदी, परदेशी जाणारा माल, सगळं तोंडपाठ. शेवटचा प्रश्न आला, "संसदेत सदस्य किती?"

"दोनशे बारा."

"इथे चुकलात, मावशी." अधिकाऱ्यानं पुस्तक पुढे सरकवलं. "दोनशे दहा."

"पुस्तक जुनं असेल, साहेब. मागच्या महिन्यात दोन खुर्च्या वाढल्यात. बावीस वर्षं रोज सकाळी मीच पुसतेय तिथल्या खुर्च्या."

अधिकाऱ्यानं फोन लावून खात्री केली आणि हसत अर्जावर शिक्का मारला. "झालात नागरिक."

मावशी ताडकन उठल्या. "म्हणजे आता त्या खुर्च्यांवर कोण बसणार, ते मलाही विचारतील?"