काढलेलं सामान

दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजात शिरताच इनामदारांनी आपल्या स्पोर्ट्स कारच्या टपावर थाप मारली. “हा पिवळा आता बघवत नाही. काळी करून टाक. आणि सायलेन्सर बदल, आवाजात दम नाही.”

लाल घेतलेल्या गाडीचा अठरा वर्षांतला हा पाचवा रंग. इंजिन, चाकं, सीट, सगळं बदलून झालं होतं; जिवाला चैन मात्र नव्हती.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका लाल गाडीनं त्यांना खेचलं. ते आत बसले. सीट पाठीला ओळखीची लागली. गिअरच्या मुठीवर त्यांच्याच अंगठीचा चरा होता. चावी फिरवली आणि पहिल्या दिवशी अंगावर काटा आणणारा तोच आवाज घुमला.

“तुमचंच सामान, मालक,” मिस्त्री म्हणाला. “तुम्ही काढत गेलात, मी जपत गेलो. जुनी रिकामी बॉडी मिळाली, तिच्यात बसवलं.”

इनामदारांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. “ही मला दे. हिला हातसुद्धा लावणार नाही. फक्त चाकं तेवढी मोठी घालू.”

मिस्त्रीनं खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.

“काळा रंग उद्या आणतो, मालक.”