दगडातली ऊब

मलकापूरच्या अलीकडं डोंगरात जुनी लेणी आहेत, तिथं कुणी फिरकत नाही, असं ऐकून इरम आणि तिचा नवरा मुनव्वर थंडीतल्या एका सकाळी तिकडं चढून गेले.

पहिल्या खोलीत भिक्षूंना झोपायला कोरलेला दगडी ओटा होता. इरम त्यावर टेकली आणि चटकन उठली.

"अवो, हात लावून बघा की. गरम हाय."

कुणी नुकतंच बसून उठावं, तशी ऊब होती.

"ऊन पडलं असंल," मुनव्वर म्हणाला. पण तिथं ऊन पोचतच नव्हतं.

शेजारच्या खोलीतला ओटा त्याहून गरम लागला. म्हणजे जे कोणी होतं, ते त्यांच्या जरासंच पुढं होतं.

"चला, गाठू या," म्हणत इरम हसत पुढं निघाली.

शेवटच्या खोलीला दुसरी वाट नव्हती. आत कुणी नव्हतं आणि ओटा बर्फासारखा गार होता. इरम हिरमुसून त्यावर बसली.

"कोण न्हाय. चल, जाऊ या," मुनव्वर दारातूनच म्हणाला.

इरम उठली नाही. तिनं शेजारी टेकवलेल्या हाताखाली, शेजारी कुणी येऊन बसावं तसा, दगड हळूहळू गरम व्हायला लागला होता.