लाल लुगडं

अठरा वर्षं आगबोटीवर भांडी घासून कॉस्मास ठाण्याला परतला, तेव्हा त्याच्या काखेत नवरीचं लाल लुगडं होतं. जाताना तो ज्युलियानाला सांगून गेला होता, "थांब माझ्यासाठी."

चर्चमागच्या विहिरीवरून एक बाई घागर घेऊन येत होती. केस पिकलेले, गाल बसलेले. कॉस्मासने टकलावरची टोपी नीट केली आणि विचारलं, "बाय, ज्युलियाना कुठं राहते?"

बाई क्षणभर त्या लुगड्याकडे बघत राहिली. "ज्युलियाना? ती केव्हाच लगीन करून वसईला गेली. तुमचं काय काम होतं?"

"काही नाही. बरं झालं," त्याच्या तोंडून निघून गेलं आणि तो घाईघाईने माघारी वळला.

"कॉस्मास," ती मागून म्हणाली, "लुगडं उन्हात धरू नको रे. लाल रंग लवकर विटतो."

त्याने तिला नाव सांगितलंच नव्हतं. तरी त्याचे पाय थांबले नाहीत. डाव्या कमरेवर घागर घ्यायची तिची लकब त्याने लांबूनच ओळखली होती. ओळखली, म्हणूनच तर पत्ता विचारला होता.